नन्नाबाईंचा होकार

नन्नाबाईंचं खरं नाव लॉन्ड्रीच्या हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणाऱ्या कारकुनाखेरीज ते कोणी वापरत नसे, आणि तोही नाइलाजाने. कोणी काही म्हटलं की त्यांच्या तोंडून आधी "नाही" निघायचं, विचार मागाहून यायचा. "आज उकडतंय" म्हटलं तर "कुठे एवढं?" आणि "आज बरं आहे" म्हटलं तर "मग मला काय हौस म्हणून घाम आलाय?" लग्नाच्या वेळी वडील फक्त एवढंच म्हणाले होते, "हा मुलगा काही मला पसंत नाही," आणि काम फत्ते झालं. ही गोष्ट त्यांचे यजमानच सांगायचे. ते बसच्या गॅरेजात टायर बदलायचे. गरीब स्वभावाचा माणूस, पण हुशार. संध्याकाळी फिरायला जावंसं वाटलं की म्हणायचे, "आज घरीच बसू बुवा." थोड्या वेळाने दोघं बागेत.

लॉन्ड्री शहराच्या कडेला होती. हॉटेलं आणि दवाखाने यांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या, पलीकडच्या दाराने पांढऱ्याशुभ्र होऊन जायच्या. आत वाफ इतकी की भिंतीवरच्या घड्याळाची काच सदा धुरकट. वेळ बघायची तर स्टुलावर चढून बोटाने काच पुसायला लागायची. नन्नाबाई घडीच्या टेबलावर होत्या. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की एक टोक त्यांच्या हातात, दुसरं टोक हळूबाईच्या.

हळूबाई म्हणजे त्यांची जोडीदारीण. आवाज इतका हळू की यंत्रांच्या गडगडाटात तिचं बोलणं ओठांवरूनच समजून घ्यावं लागे. ती नन्नाबाईंना ताई म्हणायची. झटका, ओढ, जवळ ये, दुमड, परत मागे. दोघींची पावलं अशी पडायची की एकीला शिंक आली तर दुसरी आपसूक थांबायची. नन्नाबाई ज्या एका माणसाला कधी "नाही" म्हणत नसत ती ही. ती कधी काही मागतच नसे, हेही कारण असेल.

त्याच लॉन्ड्रीत बॉयलरवर नन्नाबाईंचे धाकटे दीर होते. भाऊजींचा उत्साह दांडगा, पण धरसोड त्याहून दांडगी. एकदा त्यांनी वहिनीच्या स्वयंपाकघराला रंग द्यायला घेतला आणि अर्ध्या भिंतीवर आले असताना त्यांना मासेमारीचा नाद लागला. भिंत तशीच राहिली, वर हिरवी आणि खाली कळकट. त्यामुळे भाऊजी एका दुपारी टेबलाशी येऊन कुजबुजले, "वहिनी, आपण युनियन करतोय. पहिलं नाव तुमचं घालू?" तेव्हा उत्तर तयारच होतं.

"नाही. आधी भिंत पुरी करा, मग जग बदला."

"अहो, सगळ्यांच्या भल्याचं आहे."

"असेल. तुमच्या मागे मी बसच्या रांगेतसुद्धा उभी राहणार नाही."

भाऊजी हिरमुसले होऊन बॉयलरकडे गेले. नन्नाबाईंच्या लेखी विषय संपला.

पण मॅनेजरच्या लेखी तो तिथूनच सुरू झाला. कारखान्यात युनियनची कुजबुज आहे, बॉयलरवाला तिच्यात आहे आणि तो घडीच्या टेबलाशी जाऊन वहिनीच्या कानाला लागला, एवढं त्याला कोणीतरी सांगितलं. वहिनी काय म्हणाली ते मात्र सांगणाऱ्याला यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. मॅनेजरने हिशेब मांडला : दीर नुसता हात, डोकं ही बाई. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी नन्नाबाईंना केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅनेजर उठून उभा राहिला. खुर्ची पुढे केली. "बसा ना, बाई." इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये नन्नाबाईंना कोणी बसा म्हटलं नव्हतं, कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांनी तिथेच ताडलं.

"उभीच बरी आहे."

"बाई, आपण इथे सगळे एक कुटुंब आहोत. घरातल्या गोष्टी घरात बोलाव्यात. बाहेरच्यांना मध्ये कशाला आणायचं? कुटुंबात कधी युनियन असते का?"

"असते की," नन्नाबाई म्हणाल्या. "आम्ही तिघी जावा होतो. सासूबाईंपुढे एकेकटी गेलो की रडत परत यायचो. मग तिघी मिळून गेलो. त्यानंतर सासूबाई फार प्रेमळ झाल्या."

त्या खोटं बोलत नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. विचारलं म्हणून सांगितलं. पण मॅनेजरचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या शहरातून एक सल्लागार आला. कामगारांना युनियनपासून परावृत्त करणं हाच त्याचा धंदा. बोलणं इतकं गोड की बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव साखरसाहेब ठेवलं. चालू कामाच्या वेळात यंत्रं बंद करून सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. एरवी यंत्र क्षणभर बंद पडलं तर मुकादम डोक्यावर हात मारून घ्यायचा.

साखरसाहेबाने पडद्यावर चित्रं दाखवली. युनियन वर्गणी खाते. युनियनमुळे भांडणं लागतात. कुठल्याशा गावी युनियन झाली आणि कारखान्याला कुलूप लागलं. "आम्ही धमकी देत नाही आहोत हं, फक्त माहिती देतोय. आणि युनियन करून शेवटी काही मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. आमचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे. कोणाला काही शंका?"

दाराशी मुकादम उभा राहून कोण कोणाकडे बघतंय ते बघत होता. नन्नाबाईंचं मत खरं तर साखरसाहेबाच्याच बाजूचं होतं. वर्गणी खाणार, भांडणं लागणार, त्यात भाऊजी पुढारी. सगळं त्यांना पटत होतं. पण समोरचा माणूस इतक्या ठामपणे बोलतोय म्हटल्यावर त्यांच्या जिभेला राहवेना.

"साहेब, युनियन करून काही मिळत नाही म्हणता, तर मग तुम्ही एवढ्या लांबून कशाला आलात?"

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू बाकाबाकावरून पुढे आलं. हळूबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. साखरसाहेबही हसला, पण त्याने मॅनेजरकडे बघितलं आणि मॅनेजरने खाली.

मग मधाचं बोट पुढे आलं. नन्नाबाईंना सुपरवायझर करायचं ठरलं. छातीवर बिल्ला, बसायला उंच खुर्ची, पगारही जास्त. "फक्त एक," मॅनेजर जाता जाता बोलल्यासारखं बोलला, "सुपरवायझरला युनियनमध्ये जाता येत नाही. तेवढं आपलं नियमाचं."

नन्नाबाई त्या दिवशी चक्क "नाही" म्हणाल्या नाहीत. विचार करते म्हणाल्या. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, आणि खुर्ची ही काही वाईट गोष्ट नव्हे. युनियनमध्ये जायचं तर मनातही नव्हतं. मग अडचण काय? पण आयुष्यात पहिल्यांदा मागितल्याशिवाय काही मिळत होतं, आणि तेच त्यांना खड्यासारखं टोचत होतं.

घरी त्यांनी यजमानांना विचारलं, "घेऊ का?"

ते हातावरचं काळं तेल साबणाने घासत होते. "घे," ते म्हणाले.

नन्नाबाईंनी डोळे बारीक केले. "घे म्हणताय म्हणजे घेऊ नको म्हणताय. मला काय कळत नाही?"

यजमानांनी घासणं थांबवलं. आपला डाव बायकोला ठाऊक आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. "अगं, या वेळेला मला खरंच काही सुचत नाही," ते म्हणाले. "तूच ठरव."

त्या ठरवेपर्यंत मॅनेजरला दम निघाला नाही. दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही, आणि एका सकाळी नन्नाबाई टेबलाशी गेल्या तर चादरीचं दुसरं टोक एका अनोळखी बाईच्या हातात. हळूबाईला डागखोलीत पाठवलं होतं. रक्ताचे, औषधांचे डाग तिथे ब्लीचमध्ये भिजवून काढतात. छोटी खोली, एकच झरोका. हळूबाईची छाती आधीच नाजूक. तो वास दाराबाहेरही तिला सोसत नसे.

नन्नाबाई जेवणाच्या सुट्टीत तिकडे गेल्या. हळूबाई बादलीपाशी उकिडवी बसून खोकत होती. डोळे लाल.

"ताई, तुम्ही माझ्यासाठी भांडू नका," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. "माझी नोकरी जायला नकोय."

नन्नाबाई तडक केबिनमध्ये गेल्या. या वेळी न सांगता बसल्या.

"तिला तिकडे का टाकलंत?"

"बदल सगळ्यांच्याच भल्याचा असतो, बाई." मॅनेजर पेनाशी खेळत म्हणाला. "तुम्ही सुपरवायझर व्हा, चार जणींना समजावून सांगा. मग कोणाला कुठे बसवायचं ते तुमच्याच हातात. तिला उद्या परत आणा."

आता नन्नाबाईंना लख्ख दिसलं. बिल्ला त्यांच्या छातीवर लागणार होता, आणि ओलीस हळूबाईची छाती होती. राग आला की त्या एरवी बोलत सुटायच्या. त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या, खुर्ची जागेवर सरकवली आणि बॉयलरकडे गेल्या.

"भाऊजी, कुठे काय लिहायचं ते माझं नाव लिहा."

भाऊजींच्या हातातला पाना खाली पडला. "वहिनी? बरं वाटत नाहीये का?"

"लिहिताय की जाऊ?"

भाऊजींनी खिसे चाचपले. कागद सापडला, पेन काही सापडेना. "एवढं मोठं काम काढलंत आणि पेन नाही!" म्हणत नन्नाबाईंनी आपलं पेन दिलं. मग त्या टेबलाटेबलावर गेल्या. भाषण कुठलं त्यांना जमायला! हळूबाईला कुठे टाकलंय आणि का, एवढंच सांगायच्या आणि पुढे जायच्या. नन्नाबाईंनी "हो" म्हटलं ही बातमीच इतकी मोठी होती की पुढचं निम्मं काम तिने केलं. जे भाऊजींना इतके दिवस कानाकानात कुजबुजून साधलं नव्हतं ते मॅनेजरने फुकटात करून दिलं.

साखरसाहेब आणखी दोनदा चित्रं घेऊन आला. मुकादमाने दोघा-तिघांना बाजूला घेऊन दम भरला. एक जण घाबरून मागे सरला, आणि त्याला कोणी बोल लावला नाही. घरी आजारी आई होती. युनियन हवी की नको यावर मतदान झालं तेव्हा युनियन आली, पण काठावर. साखरसाहेब सामान आवरून दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यात माहिती द्यायला गेला.

हळूबाईला परत आणायला पुढेही बरेच दिवस गेले. पहिल्याच वाटाघाटीत तो मुद्दा होता, आणि मॅनेजर पुन्हा "कुटुंब" म्हणू लागला तेव्हा नन्नाबाई एवढंच म्हणाल्या, "मग घरातल्या माणसाला ब्लीचमध्ये बसवतं का कोणी?" डागखोलीला खिडकी पाडायचं ठरलं आणि तिथे पाळीपाळीने जायचंही ठरलं. हळूबाई टेबलावर आली, तरी खोकला तिचा पुरता गेला नाही, ही गोष्ट नन्नाबाईंच्या मनातून कधी उतरली नाही.

युनियनच्या पहिल्या सभेत भाऊजींनी ठराव मांडला की इमारतीवर युनियनच्या नावाची मोठी पाटी लावावी. "नाही," मागून आवाज आला. पाटीच्या पैशांतून आधी पंखे आणायला हवेत की पंखे मालकाकडूनच घ्यावेत, यावर दीर-भावजयीची इतकी जुंपली की सभा उठेपर्यंत चहा थंड झाला. शेवटी पंखे मालकानेच बसवले. ते सुरू झाले त्या दुपारी सगळ्यांनी वर बघून टाळ्या वाजवल्या, आणि वारा थेट मानेवर येतो अशी पहिली तक्रार नन्नाबाईंनी लेखी दिली.