अण्णांनी काशीत काय सोडलं

कराड स्टेशनवर गाडी लागली तेव्हा अण्णा आणि मी भांडत होतो. बँकेने माझी बनारसला बदली केली होती. सोबत दोन बॅगा, भाजणीचा डबा, निरोपाला आलेली मावशी डोळ्यांना पदर लावून उभी, आणि आम्ही बापलेक साखर कारखान्याची निवडणूक कोणी कशी जिंकली यावर हमरीतुमरीवर आलेलो. शिट्टी झाली तेव्हा "उरलेलं फोनवर" असं म्हणून अण्णांनी बॅगा आत ढकलल्या. मावशीला वाटलं, आमचं बिनसलं. आमच्या घरात निरोप असाच घेतात, हे तिला कोण सांगणार.

अण्णा हायस्कुलात इतिहास शिकवायचे. मी शाळेत असल्यापासून सकाळचा पेपर ते मोठ्याने वाचायचे आणि मी मध्ये तोंड घालायचे. आई म्हणायची, "लोक पोरीला स्वयंपाक शिकवतात, हे वाद शिकवतात." आई गेल्यावर घर कितीतरी दिवस गप्प होतं. मग एका सकाळी अण्णांनी अग्रलेख वाचला, मी "हे साफ चूक आहे" म्हटलं आणि ते उसळून माझ्यावर आले. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर जेवलो.

काशीस जावे नित्य वदावे, असं आपल्याकडे म्हणतात. बहुतेकांचं सगळं आयुष्य वदण्यातच जातं, मला मात्र हेड ऑफिसच्या एका कागदाने काशी घडली. रामघाटावर वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण काकू मराठीच होत्या, पण त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून तिथलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, त्यांचे विधी करवून द्यायचे, हा घरचा व्यवसाय. काकूंचे यजमान वारले होते आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला होता. तो इकडचा तिकडे आणि तू तिकडची इकडे, असं त्या मला हसून सांगायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "बेटी, खिडकी उघडी नको ठेवूस, बंदर सगळा सामान उचलून नेतील." मी कराडला फोन करून सांगितलं की इथली मराठी ऐकायला मजा येते.

यात्रेकरू निघाले की काकू एक प्रश्न हमखास विचारायच्या, काय सोडलंत? काशीला आलं की एखादं फळ, एखादी भाजी जन्मभरासाठी सोडायची, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. लोक बेरके. कोणी कारलं सोडायचं, कोणी कवठ. काकू त्यांच्यासमोर मान डोलवायच्या आणि पाठ फिरली की मला म्हणायच्या, "जी चीज पसंद आहे ती सोडायची असते. कारलं काय, कोणीपण सोडेल."

करोना आला त्या मार्चमध्ये अण्णा पंधरा दिवसांसाठी म्हणून आले आणि टाळेबंदीत अडकले. मला सुट्टी नव्हती. बँक चालू होती, म्हणून मी गळ्यात ओळखपत्र अडकवून रिकाम्या गल्ल्यांतून शाखेत जायचे. दारात खात्यातले पैसे काढायला आलेल्या बायकांची रांग असायची. खडूने आखलेले गोल सोडून त्या सावलीत एकमेकींना खेटून बसायच्या आणि पोलीस आला की पुन्हा गोलात जायच्या. घरी आले की जिन्यातच साबणाने हात धुवायचे, कपडे बादलीत टाकायचे आणि वर अण्णा टीव्हीसमोर. दिवसभर तेच, आणि मोबाइलवर नातेवाइकांच्या ग्रुपमधलं निराळं.

थाळ्या वाजवायच्या दिवशी अण्णांनी काकूंचं पितळी ताम्हण घेऊन गच्चीवर असा ठोका धरला की कबुतरं उडाली. मी खालीच बसून राहिले. तिथे ठिणगी पडली. पुढे शहरांतून गावाकडे पायी निघालेल्या माणसांची चित्रं टीव्हीवर येऊ लागली. आमच्या शाखेतल्या शिपायाचा भाऊ सुरतेहून तसाच निघाला होता. मी म्हणाले, यांचा विचार आधी करायला नको होता का? अण्णांचं म्हणणं, एवढा मोठा देश, पुढे काय वाढून ठेवलंय कोणालाच माहीत नाही, अशा वेळी सरकारला दूषणं देत बसू नये. हे नेहमीचंच होतं. पण दोन खोल्यांत, दार बंद, उठून जायला गच्चीशिवाय जागा नाही, अशात नेहमीचं भांडण नासतं. तुला या देशाचं काही चांगलं बघवतच नाही, असं ते म्हणाले. तुम्हाला माणसं दिसत नाहीत, तुम्ही मास्तर कसले, असं मी म्हणाले. त्यानंतर आमचे निरोप काकू पोचवू लागल्या. "मास्टरजी चहा मागतात," असं त्या मला सांगायच्या आणि अण्णा शेजारच्याच खोलीत असायचे.

जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या, तिकीट मिळालं. निघायच्या दिवशी पहाटे अण्णा घाटावर स्नान करून आले. काकूंनी सवयीने विचारलं, "काय सोडलंत, मास्टरजी?"

"हिच्याशी राजकारणावर बोलणं सोडलं," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या लेखी ही खरी आवडीची वस्तू होती. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू राहावीस म्हणून सोडलं."

अण्णा शब्दाचे पक्के. पुढचे दहा महिने फोनवर काय, तर जेवलीस का, गोळी घेतली, पाऊस बरा आहे. मी मुद्दाम खडा टाकून पाहायचे, ते हं म्हणून बाजूला व्हायचे. शाखेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तू नशीबवान, आमच्या घरी तर याच्यापायी भावाभावांनी बोलणं टाकलंय. मी हो म्हणायचे. पण फोन ठेवल्यावर पाहुण्यांच्या घरी जाऊन पोहे खाऊन आल्यासारखं वाटायचं. मला माझे अण्णा परत हवे होते आणि ते मागायचे कसे, हे कळत नव्हतं.

मग दुसरी लाट आली. टीव्हीवर प्रचारसभांची गर्दी दाखवत होते, आमच्या जिल्ह्यात पंचायतीच्या निवडणुका चालू होत्या, आणि रामघाटाच्या गल्लीत दर घरी कोणीतरी खोकत होतं. काकूंना श्वास पुरेना. शेजारचे गुरुजी आणि मी फोनवर फोन लावले, पण कुठल्याच दवाखान्यात खाट मिळाली नाही. काकू घरातच गेल्या. त्यांचा मुलगा पुण्यात स्वतः आजारी पडून होता. जिने आयुष्यभर आल्यागेल्याच्या आईवडिलांचे विधी नीट करवून दिले, तिला उचलायला आम्ही मोजून चार जण. मणिकर्णिकेचा स्मशानघाट आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ, पण रांग गल्लीत मागपर्यंत आली होती. सकाळी गेलो ते दिवेलागणीला मोकळे झालो. गुरुजींनी अग्नी दिला आणि मी मोबाइल धरून मुलाला ते दाखवलं.

घरी येऊन अण्णांना फोन केला. सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, आतातरी बोला, हे कोणामुळे झालं?

अण्णा म्हणाले, "काळजी घे. वाफ घे."

मी फोन आपटला. पुढे काही दिवस त्यांचा उचललाच नाही. काकू गेल्याचं दुःख होतंच, पण वडील असून नसल्यासारखे झाले, याने मी आतून रिकामी झाले होते.

एका सकाळी शाखेत निघताना मी फोन उचलला. अण्णांनी वाफेचं विचारलं नाही. म्हणाले, "त्या दिवशी घाटावर काय पाहिलंस, ते पहिल्यापासून सांग."

"तुम्ही सोडलंय ना?"

"तू राहावीस म्हणून सोडलं होतं. तू तर हातची चाललीस. पाप लागेल ते मला लागू दे. सांग."

मी सांगितलं. त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी घसा खाकरून म्हणाले, काकूंच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, याचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे, पण तू सगळं एकाच्याच माथी मारतेस ते मला पटत नाही. आणि त्यांनी मुद्दे काढले. मी पहिलाच मुद्दा खोडला. ते चिडले, मला उथळ म्हणाले. मी त्यांना आंधळे म्हटलं. जिन्यात उभी राहून मी रडत होते आणि भांडत होते, आणि शाखेत जायला उशीर झाला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. काकूंच्या मुलाने वरच्या खोल्या माझ्याकडेच ठेवल्यात. अण्णांचं मत बदललेलं नाही, माझंही नाही. तुम्ही मंडळी विचारता, घरी कधी येणार? दिवाळीला येतेच. अण्णांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर मला ओरडून भांडावं लागतं आणि ते खाली गल्लीपर्यंत जातं. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने परवा विचारलं, "दीदी, रोज सबेरे किस पर इतना गुस्सा करती हैं?"

मी म्हटलं, "गुस्सा नहीं भैया, घर पे बात कर रही थी."