कॉफीचं कॅबिनेट

मच्छिंद्र परांड्याकडचा सुतार. कतारला आला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि अल खोरहून त्याची दोहातल्या अबू हमूरला बदली झाली तेव्हा येत होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

हे इंग्रजी त्याला शिकवलं टेक्सासच्या एका साहेबाने. साहेब रास लफानला गॅसच्या कामावर. सुट्टीच्या दिवशी गॅरेजात लाकूडकाम करायचे आणि देखभालीच्या माणसांतून मच्छिंद्रला हाताखाली बोलावून घ्यायचे. त्यांच्याकडून तो शिकला की चार माणसांना मिळून हाक मारायची असेल तर 'यॉल' म्हणावं. 'फिक्सिन टू' असं कुणी म्हणालं तर त्याचा दुरुस्तीशी काही संबंध नसतो, माणूस आता काहीतरी करायच्या बेतात आहे एवढंच समजायचं. आणि कुठलंही थंड पेय म्हणजे कोक. साहेब विचारत, "कोक घेणार?" हो म्हटलं की विचारत, "कुठला?" मच्छिंद्र सांगे, "संत्र्याचा." यात वावगं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

अबू हमूरच्या कंपाउंडमध्ये पहिल्याच आठवड्यात फोरमन जाफरने त्याला लोरेन मॅडमच्या व्हिलावर पाठवलं. जाफर केरळचा. कामापुरतं बोलायचा. "अमेरिकन आहे," तो हिंदीत म्हणाला, "तुला जमेल."

लोरेन मॅडम शाळेत शिकवायच्या. साठीच्या, उंच, केस पांढरेशुभ्र. गाव ऱ्होड आयलंड. ते कुठे आलं हे मच्छिंद्रला माहीत नव्हतं, पण टेक्सासच्या जवळपासच असणार असं तो धरून चालला. मॅडमनी त्याला आत घेतलं, स्वयंपाकघराकडे हात केला आणि म्हणाल्या, "फिक्स द ड्रॉ."

फिक्स म्हणजे बेतात आहेत. ड्रॉ म्हणजे चित्र काढणे. मॅडम चित्र काढायच्या बेतात आहेत असं समजून मच्छिंद्र हात मागे बांधून बाजूला उभा राहिला. मॅडमही उभ्या राहिल्या. बराच वेळ दोघं तसेच उभे होते. शेवटी मॅडमनी ओट्याखालचा अडकलेला खण धरून गदागदा हलवला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या बाई ड्रॉवरमधला शेवटचा र खातात. पुढे कळलं की त्या डोअरमधला, कारमधला आणि वॉटरमधलाही र खातात.

खण नीट झाल्यावर मॅडमनी विचारलं, "सोडा घेणार?" गावाकडे पोट फुगलं की सोडा घेतात. मच्छिंद्रचं पोट ठीक होतं. तो म्हणाला, "नो मॅडम, कोक." मॅडमनी कोक दिला. त्याला संत्र्याचा हवा होता, पण 'कुठला' हे त्यांनी विचारलंच नाही. तो मुकाट्याने प्यायला.

सप्टेंबरात एका दुपारी तो त्यांच्या खिडकीची चौकट बसवत होता. एसीचं काम चालू असल्याने घर तापलेलं. मॅडम खुर्चीत वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाल्या, "या दोहात सगळं मिळतं. एक धड कॉफी कॅबिनेट मात्र कुणाला बनवता येत नाही."

मच्छिंद्रचा हात थांबला. कॅबिनेट. हा शब्द त्याला टेक्सासातही आणि परांड्यातही कळत होता.

"नोबडी मेक?" त्याने विचारलं.

"नोबडी."

"बिग?"

"उंच," मॅडम म्हणाल्या आणि डोळे मिटून त्यांनी हाताने हवेत उंची दाखवली. आत कॉफी, दूध असं काहीबाही त्या सांगत राहिल्या. आईस्क्रीमचंही नाव घेतलं. आईस्क्रीम फ्रिजमध्ये राहतं, तेव्हा मच्छिंद्रने ते हिशेबात धरलं नाही.

कुणाला बनवता येत नाही, हे वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. जाफरला विचारून त्याने एका जुन्या दरवाजाच्या फळ्या मिळवल्या. संध्याकाळी शेडमध्ये रंधा मारू लागला. वर कॉफीच्या बरण्यांसाठी दोन कप्पे, मध्ये दुधाच्या डब्यांसाठी एक, खाली कपांसाठी खुंट्या. जाफर येताजाता बघायचा. एकदा म्हणाला, "ऑफिसच्या कामात एवढं मन लावत नाहीस." मच्छिंद्र म्हणाला, "ऑफिसने कधी म्हणलं, कुणाला जमत नाही म्हणून?"

शुक्रवारी सकाळी कपाट ढकलगाडीवर घालून तो दारात उभा राहिला. "मॅडम, कॉफी कॅबिनेट."

मॅडमनी कपाटाकडे बघितलं, मग मच्छिंद्रकडे. त्याच्या भुवयांत भुसा होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कपाटाचं दार उघडलं, मिटलं, खुंटीवर बोट फिरवलं आणि भरल्या आवाजात एकच शब्द म्हणाल्या, "विकेड." दार लावतानाही पुन्हा तेच. "विकेड."

हा शब्द साहेबांनी शिकवलेला नव्हता. खोलीवर येऊन मच्छिंद्रने मोबाइलला विचारलं. मोबाइलने मराठीत उत्तर दिलं: दुष्ट.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं. उत्तर बदललं नाही.

त्या दिवशी तो मेसमध्ये जेवायला गेला नाही. खोलीतल्या राहिलने कारण विचारलं तर म्हणाला, "कपाट दुष्ट निघालं." राहिल लखनौचा होता. दुष्ट कळलं, कपाट कसं दुष्ट निघतं ते कळलं नाही. पण चेहरा बघून त्याने जास्त विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मच्छिंद्र रिकामी ढकलगाडी घेऊन व्हिलावर गेला. "मॅडम, आय टेक बॅक."

"काय?"

"कॅबिनेट. विकेड. आय टेक."

मॅडमनी कपाटात कप मांडले होते. त्या सरळ कपाटापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरले. मच्छिंद्रने गाडी थोडी पुढे घेतली. मॅडम हलल्या नाहीत. तो आपलं म्हणे, दुष्ट वस्तू कुणाच्या घरी ठेवायची नाही. त्या आपलं म्हणत, ओव्हर माय डेड बॉडी. यातला डेड बॉडी त्याला कळला आणि तो आणखी घाबरला.

शेजारच्या व्हिलातली मधुरा तेवढ्यात पार्किंगमधून भाजीच्या पिशव्या घेऊन येत होती. मधुरा गुहागरची, एका कंपनीत फायनान्स बघायची. मच्छिंद्रशी तिची मराठीत ओळख झालेली. तो दारातूनच ओरडला, "ताई, जरा या की! बाईंनी माझ्या कामाला दुष्ट म्हणलंय, आणि आता माघारीबी देईनात."

मधुराने पिशव्या ठेवल्या आणि मॅडमना विचारलं. मॅडम कितीतरी वेळ बोलल्या.

"मच्छिंद्रदादा," मधुरा म्हणाली, "त्यांच्याकडे विकेड म्हणजे एकदम भारी. आपण जबरदस्त म्हणतो ना, तसं."

"जबरदस्त?"

"जबरदस्त."

मच्छिंद्रने गाडीवरचे हात काढले. बरं वाटलं, पण पुरतं बरं वाटायच्या आत मधुराने हसत मॅडमना विचारलं, की मुळात कपाट हवं कशाला होतं? मॅडमनी मच्छिंद्रकडे चोरून बघितलं. मग खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. मधुराचं हसू गेलं.

"काय म्हणल्या?"

"दादा, त्यांच्या गावी कॅबिनेट म्हणजे... मिल्कशेक."

"म्हणजे पिण्याचं?"

"दूध, कॉफी, आईस्क्रीम. मिक्सरमधून."

मच्छिंद्रने कपाटाकडे बघितलं. कपाट चांगलं झालं होतं. दार एका बोटाने लागत होतं. "मग मला आधीच का नाही म्हणल्या?"

मधुराने विचारून सांगितलं, "तुम्ही दारात आलात तेव्हाच त्यांना कळलं. पण तुमच्या तोंडाकडे बघून सांगवेना म्हणे. आणि कपाट त्यांना खरंच आवडलंय."

मच्छिंद्रचे कान तापले. "जाफरला सांगू नका, ताई. साऱ्या शेडमध्ये हसतील."

"अहो, माझंही हसं झालंय," मधुरा म्हणाली. "माझा नवरा वरुण बार्शीचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तर सासूबाई म्हणाल्या, कोरड्यास काहीतरी कर. मी पापड भाजले, शेंगदाण्याची कोरडी चटणी केली. सगळे भाकऱ्या मोडून बसलेले, आणि ताटात ओलं काहीच नाही!"

मच्छिंद्रला हसू फुटलं. "कोरड्यास म्हणजे कालवण की हो. भाकरी कालवायला."

"मला काय ठाऊक? नाव कोरडं आणि वस्तू पातळ."

हे मधुराने मॅडमना इंग्रजीतून सांगितलं. मॅडमना ते इतकं पटलं की त्यांनी शब्द म्हणून बघितला. र खाऊन तो 'कोड्यास' झाला.

मग त्यांनी दोघांना बसवलं आणि मिक्सर काढला. त्यांच्या गावचं कॉफीचं सिरप दोहात मिळत नाही, म्हणून नेहमीची कॉफी साखरेत दाट उकळली. आईस्क्रीमने गिरकी घेतली. उंच ग्लास भरून मॅडमनी मच्छिंद्रच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याचे दात ठणकले. "विकेड," तो म्हणाला. मॅडमनी टेबलावर थाप मारली.

जाफरला दोन दिवसांत कळलंच. कुणी सांगितलं ते उमगलं नाही. शेडमध्ये आठवडाभर चहाला कपाट म्हणत होते, मग कंटाळले.

शुक्रवारी मच्छिंद्रने शालूला फोनवर सगळं सांगितलं. बायको मधेच हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"बाईनं कपाट मागितलं?"

"शब्द तसाच होता."

"तुम्ही कपाट दिलं. मग तुमचं काय चुकलं?"

मच्छिंद्रने विचार केला. असं बघितलं तर काही चुकलं नव्हतं.

"त्यांचं माणूसबिणूस हाय का तिथं?" शालूने विचारलं.

"एकट्याच असतात. पोरं तिकडं."

"मग आठवत असंल गावाकडचं खाणंपिणं," शालू म्हणाली. "जात जावा अधनंमधनं."

पुढच्या आठवड्यात मॅडमच्या एकाही दाराची बिजागरी कुरकुरत नव्हती. तरी तो जाऊन तेल घालून आला.