बादशहाच्या आसनावरचा शालू

आमच्या भवानी पेठेतल्या घरात सगळ्या किल्ल्या आत्याच्या कमरेला असायच्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. साधी साखर काढायची तरी आई विचारायची, "वन्सं, काढू का?"

त्या वर्षी आमच्या मुलींच्या शाळेत मोगल दरबाराचं नाटक बसवलं. बाईंनी दरबाराची रीत अगदी घोटून घेतली. बादशहा आपल्या हातानं काही घेत नाही. दासीनं सरबत आधी स्वतः चाखायचं, विष नाही ना म्हणून, आणि मग पेला त्याच्या ओठाला लावायचा. जाताना त्याला पाठ दाखवायची नाही, मागं मागं सरत जायचं. ती दासी मी. बादशहा झाली होती आमच्याच गल्लीतली विणकराची पोर, उंच आणि लई धीट.

आता सिंहासनाला जरी हवी की! मी आईमागं लकडा लावला. आत्या देवळात गेली तेव्हा आईनं उलथन्यानं स्वतःच्याच ट्रंकेची कडी वाकवली आणि लग्नातला मोतिया शालू काढून दिला. म्हणाली, "डाग पडू देऊ नकोस गं. वन्संना कळलं तर मला घरात उभं राहणं मुश्कील होईल. नशीब, त्या नाटकाबिटकाला येत नाहीत."

पडदा वर गेला तर आत्या पहिल्या रांगेत!

गॅसबत्तीच्या उजेडात सिंहासनाच्या बाकावर अंथरलेला शालू नुसता झळकत होता. आत्याची नजर त्याच्यावरून हलेना. मागं आई पदराचं टोक तोंडात धरून बसलेली. माझ्या हातात डाळिंबाच्या सरबताचा पेला. डाळिंबाचा डाग जन्मात जात नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला! मी एक घोट चाखला. आत्याकडं बघत पेला पुढं केला, तो शालूवर कलंडायलाच आला. तेवढ्यात बादशहानं दोन्ही हातांनी पेला हिसकला आणि गटागटा रिकामा केला.

"अगं, हातानं न्हाई प्यायचं!" बाई विंगेतून ओरडल्या.

"तहान लागली की बाई!" बादशहा म्हणाला. सगळे हसले. आत्या हसली नाही.

नाटक संपल्यावर तीच वर चढली. शालूची घडी घातली, काखेत धरली आणि निघाली. आई आणि मी तिच्या मागोमाग. घरी तिनं शालू ट्रंकेत ठेवला, वाकडी कडी आणि तिला लागलेली उलथन्याची काजळी बोटानं चाचपली. मग कमरेच्या जुडग्यातून त्या ट्रंकेची किल्ली सोडवून आईपुढं धरली.

"असू दे तुझ्यापाशी. उद्या उलथनं मोडलंस, तर भाकरी कशानं उलटायची?"

आईनं दोन्ही हातांनी किल्ली घेतली. आणि आत्याला पाठ न दाखवता, मागं मागं सरत, ती खोलीबाहेर आली. तिला तर कुणी तालीम दिली नव्हती.