उभा बांधलेला दांडा

वारा पाठीमागून आला की बोटीचं पुढचं शीड लुळं पडतं. ते ताणून धरायला आमच्याकडं एक लांब दांडा आहे. एक टोक डोलकाठीच्या कडीत अडकवायचं, दुसरं शिडाच्या कोपऱ्याला. काम झालं की मी तो डेकवर फेकून द्यायचो आणि मग त्यालाच अडखळून शिव्या घालायचो.

वडील गावाहून, नेकनूरहून, एकदाच गोव्याला बोट बघायला आले. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस. बसायच्या आधीच म्हणाले, "आडवा कामून टाकलास? उभा बांध की."

मला राग आला, पण डोलकाठीला बांधला. अजूनही तसाच बांधतो.

घरी शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा पाडायची लांब काठीची आकडी ते रोज दारच्या कडुलिंबाला उभी बांधायचे. गाठ डोक्याच्याही वर, हात पुरेल तिथं. पुढं पुढं ती खांद्याशी आली, मग छातीशी. आम्ही कुणी काही विचारलं नाही.

वडील गेल्यावर गावी गेलो, तर आकडी लिंबालाच होती. गाठ सोडायला मला वाकावं लागलं.