उजाडल्यानंतरच्या मेणबत्त्या

संग्रहालयात अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांचे प्रदर्शन आहे, एवढेच वाचून मी धाकट्या भावाला तिथे घेऊन गेले. भिंतीभर कर्जबाजारी उमराव आणि जुगारी असतील, याची मला कल्पना नव्हती. त्याचा पत्त्यांचा जुगार सुटून जेमतेम वर्ष झाले आहे.

एका चित्रात खिडकीबाहेर उजाडले होते, तरी पत्त्यांच्या टेबलावरच्या मेणबत्त्या कुणी विझवल्या नव्हत्या. हरलेला एकजण अंगातला कोट काढून डावावर लावत होता. मी घाईने पुढे सरकले.

“थांब ना ताई! याचं तोंड बघ. कोट चालला, तरी याला वाटतंय, पुढचा डाव आपलाच.”

“तुझंही असंच असायचं,” माझ्या तोंडून निघून गेले.

“छे! माझ्याकडे एवढा भारी कोट कुठे होता?” तो इतक्या मोठ्याने हसला, की रखवालदाराने वळून पाहिले.

हे चित्र छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरणाऱ्या त्या कारागिराला बहुधा हेच हसू हवे असावे. उपदेशाने माणूस मान खाली घालतो. स्वतःला ओळखून हसला, तर ती वर उचलता येत असेल.

भाऊ पुढच्या चित्राकडे वळला, आणि इतका वेळ त्याच्याकडेच पाहत असलेली मी चित्रे पाहू लागले.