बाहेर न गेलेले चेहरे

मी फुलंब्रीहून शहरात शिकायला आले तेव्हा निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन फार वर्षं झाली नव्हती. गावात मुलींना चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला थोरल्या मावशीकडं ठेवलं. मावशी बेगमपुऱ्यात राहायची आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूतून. ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या तेव्हा उर्दूत शिकलेल्या कितीतरी जणांची पंचाईत झाली. मावशी राजीनामा घेऊनच मुख्याध्यापिका बाईंकडं गेली होती. बाईंनी तो वाचलासुद्धा नाही. तुम्ही रेघा ओढायला शिकवा, रेघेला कुठली आलीय भाषा, असं म्हणून त्यांनी तिला वर्गावर पाठवून दिलं.

मावशीचे यजमान कोर्टात कारकून होते. त्यांना मी काका म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशी काका सायकलवर कागजीपुऱ्याला जायचे आणि तिथला हातानं केलेला जाड कागद गुंडाळी करून आणायचे. मावशीच्या पेन्सिलींना टोक करून ठेवणं हेही त्यांचंच काम. पण कोणी पुरुष माणूस घरी आलं, की काका उठून आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचे आणि कडी लावायचे. बायकोच्या चित्रांची त्यांना लाज वाटत असावी, असं मी बरेच दिवस समजत होते.

खरी गोष्ट मला खालाजानमुळं कळली. खालाजान म्हणजे शेजारची बाई. तिच्या घरी हिमरू कापडाचे माग होते. रझाकारांच्या धामधुमीत तिच्या सासूनं मावशीला महिनाभर आपल्या जनान्यात ठेवून घेतलं होतं. पुढं ॲक्शन झाली आणि वारं फिरलं, तेव्हा खालाजान पोरांना घेऊन मावशीच्या माजघरात राहिली. तिचा भाऊ हैदराबादला निघून गेला, ही मात्र इथंच राहिली. दोघींमधलं सगळं त्या दिवसांतलं. त्याबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत.

खालाजान पडद्यातली. दुपारी मागच्या दारानं यायची, बुरखा खुंटीला लावायची, पाय पसरून बसायची आणि केस मोकळे सोडून त्यांत तेल घालता घालता हसत राहायची. तिच्या हसण्यात आवाज कमी आणि हलणं जास्त. मावशीनं तिला तशीच काढली होती. मान मागं टाकलेली, एक हात केसांत, डोळे मिटत आलेले. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच हसू फुटलं. पण खालाजाननं बसण्याआधी मावशीकडून शब्द घेतला होता. हा चेहरा या खोलीच्या बाहेर जायचा नाही. कोण्या परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचा नाही. काकांनीसुद्धा ते चित्र कधी पाहिलं नाही. दाराची कडी त्यासाठी होती.

एकीचं दुसरीला कळत गेलं आणि त्याच शब्दावर बायका यायला लागल्या. एक धनगरीण होती, बिडकीनकडची. बाजाराला घोंगड्या घेऊन यायची आणि परतताना पाणी प्यायला ओट्यावर टेकायची. मावशीनं तिला आत बोलावलं. ती बसली, पण बसल्या बसल्या म्हणाली, "काढ बापा, पर आमच्या माणसाला दावू नगं. ही कोण, म्हणंल." तिचं चित्र खालाजानच्या अगदी उलट होतं. सरळ समोर बघणारी, थकलेली, पण कोणाला भीक न घालणारी बाई.

आणि एका रविवारी खुद्द मुख्याध्यापिका बाई आल्या. बाई बालविधवा. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि शाळेत त्यांच्या पावलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप. त्यांनी पिशवीतून एक हिरवी साडी काढली. मला बाहेर बसायला सांगितलं गेलं. दुपार टळल्यावर दार उघडलं तेव्हा बाई पुन्हा पांढऱ्या लुगड्यात होत्या आणि कपाळ ओल्या पदरानं पुसत होत्या. माझ्याकडं न बघता त्या निघून गेल्या. ते चित्र मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. हिरव्या साडीतल्या बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि चेहऱ्यावर एखाद्या मुलीसारखा संकोच.

अशी किती चित्रं झाली असतील सांगता येत नाही. सगळी त्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून, एकाला एक टेकून उभी असायची. तिथं उजेड कमी. एका वेळी एकच चित्र खिडकीपाशी आणता यायचं.

बाहेरच्या लोकांसाठी मावशी दुसरी चित्रं काढायची. पाणचक्की, मकबरा, वेरूळचं कैलास लेणं. मी मॅट्रिकला असताना शहरात एक प्रदर्शन भरलं, त्यात तिनं वेरूळची दोन चित्रं दिली. मुंबईहून आलेले एक मोठे चित्रकार परीक्षक होते. ते तिच्या चित्रांपुढं थांबले आणि हात साफ आहे, शिक्षिका दिसतात, असं सोबतच्यांना सांगून पुढं गेले. मी आणि काका मागंच उभे होतो. घरी आल्यावर काकांनी एवढंच विचारलं, की आतल्यांतलं एखादं चित्र द्यायला काय हरकत होती. मावशी भाकरी थापत होती. तिनं मान हलवली. शब्द दिलाय म्हणाली. काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढं माझं लग्न झालं, शहरातच कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली. काका गेले, मावशी निवृत्त झाली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा मराठवाड्यातल्या चित्रकारांचं एक मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं. समितीवर माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक होते. तुमच्या मावशी काढायच्या ना, असतील तर द्या, जागा आहे, असं त्यांनी सांगितलं. मी ते मावशीला सांगितलं. ती उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेली. मग म्हणाली, "इचारून यावं लागंल."

तिनं चित्रं जुन्या लुगड्यांत गुंडाळली आणि आम्ही एकेकीला विचारायला निघालो.

पहिली खालाजान. ती आता रोशन गेटकडं मुलाच्या घरी असायची. वाळून गेली होती. मावशीनं का आलोय ते सांगितलं आणि चित्र तिच्या हातात दिलं. खालाजान ते घेऊन खिडकीशी गेली.

"मैं इत्ता हसती थी?" तिनं विचारलं.

"हौ," मावशी म्हणाली.

"मेरे बच्चों ने तो मुझे ऐसा देखाच नहीं. ये मेरे पास रहने दे."

मावशीनं प्रदर्शनाचं पुन्हा काढलं नाही. चहा घेऊन आम्ही उठलो. रिक्षात मी काहीतरी बोलायला गेले, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

बिडकीनला आम्ही एसटीनं गेलो. वस्ती शोधायला वेळ लागला. धनगरीण वारलेली होती. तिची लेक अंगणात शेळीला पाला घालत होती. तिनं चित्र बघितलं आणि हातातला पाला खालीच टाकला. आईचा एकसुद्धा फोटो घरात नव्हता. ती आत जाऊन भावाला, भावजयीला, पोरांना घेऊन आली. ज्या नवऱ्याला दाखवू नको म्हणाली होती, तो म्हातारा बाजेवर बसला होता. त्यालाही लेकीनंच चित्र नेऊन दाखवलं. त्यानं ते डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाला, "व्हय, तीच हाय." एवढंच. ते चित्र मागायला मावशीचं तोंड उघडलं नाही. माझंही नाही.

बाकीच्यांचंही बहुतेक असंच झालं. ज्या जिवंत होत्या त्यांनी आपली चित्रं ठेवून घेतली, ज्या नव्हत्या त्यांच्या लेकींनी. एक-दोन घरं सापडलीच नाहीत. माणसं हैदराबादला गेली होती नाहीतर रस्ता रुंद करताना घरंच गेली होती.

मुख्याध्यापिका बाईही वारल्या होत्या. त्यांचा भाचा दाराशी आला. त्यानं चित्र बघितलं, मावशीकडं बघितलं. आमच्या आत्यानं जन्मात कुंकू लावलं नाही, ही बाई दुसरी कोणी असेल, असं तो अगदी सभ्यपणे म्हणाला आणि आम्हाला बसा म्हणाला नाही. परत येताना मावशी पायऱ्यांवरच थांबली. "तिला इचारता आलं असतं, तर ती काय म्हणाली असती कोण जाणं," असं म्हणून तिनं चित्र पुन्हा गुंडाळलं.

प्रदर्शनाला शेवटी वेरूळचीच दोन चित्रं गेली. जिन्याजवळच्या भिंतीवर लागली. उद्घाटनाला मावशी नवीन साडी नेसून आली. सगळं प्रदर्शन तिनं सावकाश, चष्मा पुसत पुसत पाहिलं. एका नावाजलेल्या चित्रकाराचं पाणी भरणाऱ्या बाईचं मोठं तैलचित्र मधोमध होतं, तिथं गर्दी होती. मावशी त्यापुढं उभी राहिली. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पर ही बाई कोणाच्या समोर बसलेली नाय."

घरी आल्यावर ती आतल्या खोलीत गेली. भिंतीकडच्या चित्रांची जागा आता मोकळी होती, फरशीवर धुळीचे चौकोन राहिले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. ती जे बोलली ते मला आजही टोचतं. "सगळ्या एका भिंतीवर टांगून एकदा बघायच्या होत्या गं. चांगल्या उजेडात. लई दिवसांचं मनात व्हतं." एवढी वर्षं चित्रं घरात होती, पण आपण काय केलंय ते तिला स्वतःलाही कधी एकत्र दिसलं नव्हतं. आणि आता ती परत गोळा होणार नव्हती.

त्यानंतर तिनं ब्रश धरला नाही. डोळे हे कारण होतंच.

अलीकडं या भागातल्या चित्रकलेवर एक जाडजूड पुस्तक निघालं. मी ते वाचनालयातून आणून वाचलं. शहरावरच्या प्रकरणात मावशीचा उल्लेख अर्ध्या वाक्यात आहे, निसर्गचित्रं काढणाऱ्या शिक्षिकांमध्ये. लेखकाला मी दोष देत नाही. त्यानं जे पाहिलं त्यावर लिहिलं, आणि पाहण्यासारखं तिनं मागं ठेवलं नव्हतं. स्त्रियांना स्वतःचे असे विषय सापडले नाहीत, असंही एक वाक्य त्यात आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं.

मुख्याध्यापिका बाईंचं चित्र माझ्याकडं आहे. मावशीनंतर तिची ट्रंक माझ्याकडं आली, तिच्यात पत्ता न लागलेल्या एक-दोघींच्या चित्रांबरोबर ते होतं. ते मी कोणाला दाखवलेलं नाही. दाखवलं तर एक शब्द मोडतो, न दाखवलं तर मावशी त्या अर्ध्या वाक्यातच राहते. माझंही वय झालं, अजून ठरत नाही. इथं मावशीचं नाव लिहिलं, तर शाळेतल्या जुन्या मुली बाई कोण ते लगेच ओळखतील. म्हणून तेही लिहिता येत नाही, आणि तिच्याबद्दल एवढं लिहूनही ती बिननावाचीच राहते आहे. याचं वाईट वाटतं.

खालाजानच्या घरी मात्र मी मागच्या ईदला गेले. नातसून नवी, तिनं शिरखुर्मा दिला आणि आतल्या खोलीत नेलं. चित्र तिथंच होतं, काच लावून. कागद कडेनं पिवळा पडलाय, पण हसणं तसंच. दादी का है, ती म्हणाली. कोणी काढलं, मी विचारलं. कोई टीचर थी, तिला एवढंच माहीत होतं.

मी तिला मावशीचं नाव सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. तिनं ते सावकाश म्हणून पाहिलं. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि ती पदर सावरत गेली.