दोन विहिरींमधली चारशे पावलं

माझी विहीर थेट समुद्राला जोडलेली आहे, असं मी आर्णीच्या चहाटपरीवर शपथेवर सांगत असे. एकदा बादलीत शिंपला आला, हेही सांगत असे. त्यामुळे गावच्या बायांच्या बचत गटाने विहिरींचं पाणी मोजायला घेतलं आणि गटाची अध्यक्ष, म्हणजे माझी चुलत वहिनी, बांधावर आली तेव्हा मी असा हसलो की तीन शेतांतले बगळे उडाले.

"भाऊजी, तुमची मोटर चालली का गावच्या प्यायच्या विहिरीचं पाणी उतरते. यंदा गहू नका पेरू."

"काहून? मधात चारशे पावलं काळा दगड आहे! तुम्ही बायाच उपसून राह्यल्या, अन् नाव माह्या मोटरीचं!"

वहिनी भांडली नाही. "बरं. उद्या कोणीच बादली टाकणार नाही. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गावाने हापशीवर पाणी भरलं. गावच्या विहिरीवर बायांनी वितीवितीवर गाठी मारलेली दोरी आणली, टोकाला पितळी गडू. गडू पाण्याला टेकून 'डुब' वाजला तेव्हा काठावर अकरावी गाठ होती. वहीत तसं लिहिलं. मी फोनवरून बायकोला मोटर सुरू करायला लावली आणि कडुनिंबाखाली ऐसपैस बसलो. गहू तर मी पेरणारच होतो.

दर अर्ध्या तासाने गडू. अकरा. परत अकरा. मी मिशीला पीळ दिला. मग बारा.

"आता तुमीच सोडा," वहिनी म्हणाली.

सोडला. बाराव्या गाठीलाही आवाज नाही. तेरावी काठावर आली तेव्हा कुठे डुब! बादली पडली नव्हती, वाराही नव्हता. तिकडे माझी मोटर ओढत होती आणि इकडे ओल्या दगडाची पट्टी उघडी पडत होती. ज्या दगडाने माझे नांगराचे फाळ मोडले, त्याच्या पोटातून पाणी चालत होतं. मी फोन काढला.

"बंद कर," मी फोनवर म्हणालो.

"कायले? आत्ताच तं पाटात पाणी आलं!"

"बंद कर म्हनलं ना!"

दुपार कलेपर्यंत मी काठावरून हललो नाही. ओली पट्टी बोटबोटभर परत बुडत गेली. बायाही गप्प होत्या. एरवी त्या गप्प बसल्याचं मी सांगितलं तर तुम्ही मलाच खोटं पाडाल.

वहिनीने वही पुढे केली. मी माझ्या हाताने तेराचा आकडा लिहिला आणि म्हणालो, "गव्हाचं बियाणं कोणाले पायजे असन तं सांगा. मी हरभरा पेरतो. त्याले एका पाण्यात भागते."